काळी रेघ आणि चाळीस वाडग्या

नान्सी शहराच्या विद्यापीठात, रसायनशाळेच्या तळमजल्यावर ओनेझिम पेत्रेल सव्वीस वर्षं नोकरीला होता. काय काम करतोस म्हणून कुणी विचारलं, तर तो सांगायचा, "ओततो." ऐकणाऱ्याला वाटे, हा दारूच्या दुकानात असणार. एकदा त्याच्या साडूने त्याला बारशाच्या जेवणात वाइन वाढायला उभं केलं, आणि याने पन्नास पाहुण्यांचे पेले असे भरले की एकाचीही पातळी दुसऱ्यापेक्षा केसभर वर नाही. थेंब सांडला नाही, पण बोललाही नाही कुणाशी.

तो ओतायचा ते मादाम सिदोनी वाल्मेर यांच्यासाठी. त्या विद्यापीठात रसायन शिकवणारी ही पहिली बाई. सुरुवातीला मुलं वर्गात कोंबड्यासारखी आरवायची. बाई फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या, "आरवून झालं असेल तर अंडं कुणी घालायचं तेही ठरवा." मग मुलं गप्प झाली. बाईंचं म्हणणं असं, की ज्या एका धातूला सगळे एकच समजतात तो खरं तर जुळा आहे, दोन भाऊ एकमेकांना मिठी मारून बसलेत. पॅरिसच्या विद्वान मंडळींनी हसून सोडून दिलं. बाई म्हणाल्या, सोडवून दाखवते.

सोडवायची रीत अशी. टेबलावर चिनी मातीच्या चाळीस वाडग्या ओळीने. सकाळी सगळ्या तापवायच्या, निवू द्यायच्या. तळाशी गुलाबी खडे बसतात. वरचं पाणी अलगद पुढच्या वाडगीत ओतायचं, तिचं त्याच्या पुढच्या. एक भाऊ मागे राहतो, दुसरा हळूहळू पुढे सरकतो. दर शंभराव्या फेरीला पहिल्या वाडगीतलं थोडं काचेच्या नळीत भरून नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, वर आकडा चिकटवायचा. मग बाई ती नळी खिडकीच्या उजेडात धरून, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या यंत्राच्या भिंगातून बघत. आतल्या निळ्या पट्ट्यात एक काळी रेघ दिसे. ती दुसऱ्या भावाची. रेघ गेली की काम संपलं.

अकरा वर्षं बाई भिंगातून बघत आल्या आणि भिंग पुसत म्हणत आल्या, "अजून आहे, मस्यू पेत्रेल. उद्या भेटू."

फेब्रुवारीत एका मंगळवारी बाई छातीच्या दुखण्याने गेल्या. तीन हजार दोनशे सहा फेऱ्या झाल्या होत्या. बुधवारी सहाला ओनेझिम आला, वाडग्या तापवल्या, ओतलं. शुक्रवारी बाईंना पुरलं, तेव्हा तो उशिरा पोचला, कारण खडे बसायचे होते. थडग्यापाशी टोपी काढून उभा राहिला. त्याची बायको लेओकादी घरी आल्यावर म्हणाली, "अरे, माझ्या मावशीच्या मांजराला तू जास्त रडलास."

"मांजर घरात होतं," तो म्हणाला, आणि बूट काढायला बसला.

त्याला दुःख होत होतं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. सूप गरम आहे की गार, हे त्याला ताट संपल्यावर कळे. हातांना मात्र सगळं ठाऊक होतं. नऊ आठवडे तो रोज ओतत राहिला आणि बाईंच्या वहीत, त्यांच्या अक्षराखाली, स्वतःच्या जाड अक्षरात आकडा टाकत राहिला. कुणी अडवलं नाही. तळमजल्यावर येतंय कोण!

एप्रिलमध्ये नवे प्राध्यापक आले, तांक्रेद लूव्हेल. त्यांना खोली हवी होती. म्हणाले, "शनिवारी हे सगळं मोरीत ओता आणि टेबल मोकळं करा."

ओनेझिम साहेबांना कधी उलट बोलला नव्हता. आज तो दारात उभाच राहिला. "साहेब, एकदा बघा."

"काय बघू?"

"रेघ. यंत्राची किल्ली तुमच्याकडे आहे. रेघ असेल तर अकरा वर्षं मोरीत गेली, मी ओततो, काही बोलणार नाही. नसेल तर बाईंचं म्हणणं खरं झालं, तसं कुठेतरी लिहा."

लूव्हेल माणूस वाईट नव्हता. "आणा," म्हणाले.

शनिवारी सकाळी ऊन चांगलं होतं. तीन हजार दोनशे अठ्ठावन्नाव्या फेरीची नळी घेऊन साहेब खिडकीशी बसले. बराच वेळ डोळा काढला नाही. ओनेझिम स्वतःच्या हातांकडे बघत होता. बोटांची टोकं ॲसिडने पिवळी पडलेली, त्यांना काही लागत नसे.

"कुठली रेघ?" साहेब म्हणाले. "इथे काही नाही. निर्मळ आहे. पेत्रेल, बाई बरोबर होत्या!"

"बरं," ओनेझिम म्हणाला.

साहेबांनाच राहवेना. "जुन्या नळ्या द्या. कधी गेली ते तरी बघू."

तीन हजार दोनशेची दिली. नाही. एकतीसशे, तीन हजार, एकोणतीसशे, अठ्ठावीसशे, कशातच नाही. सत्तावीसशेच्या नळीत रेघ होती, बारीक, पण होती. साहेबांनी वही उघडली. अठ्ठावीसशेच्या समोर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अजून आहे'. पुढच्या चारही शंभरींना तेच.

"दीड वर्षापूर्वीच संपलं होतं हो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "डोळे गेले असतील बिचारीचे."

ओनेझिमला यंदाचा जानेवारी आठवला. त्याच्या करड्या डगल्याचं बटण तुटलं होतं, आणि बाईंनी पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवून ते लावून दिलं होतं, चष्मा कपाळावर ढकलून. बटण अजून घट्ट होतं. त्याने ते चाचपलं.

"मी लेख लिहीन," साहेब म्हणाले. "बाईंच्या नावाने. खाली तुमचंही नाव घालतो."

"माझं कशाला, साहेब? मी ओतायचो."

पहिल्या वाडगीतले खडे त्याने एका बाटलीत भरून साहेबांना दिले. बाकीचं सांगितल्याप्रमाणे मोरीत गेलं. वाडग्या धुतल्या, पुसल्या. फडताळात कशाही रचल्या असत्या तरी चाललं असतं. त्याने एक ते चाळीस ओळीने लावल्या.

घरी लेओकादीने सूप वाढलं. "मग? रेघ गेली का तुमची?"

"गेली. दीड वर्षापूर्वी."

तिचा पळा हवेत राहिला. "अगं बाई! दीड वर्षं तू रोज सहाला उठून जातोयस! आणि तुम्हा दोघांना पत्ताच नाही?"

"मला नव्हता," ओनेझिम म्हणाला.

लेओकादीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पळा ठेवला आणि पाव त्याच्यापुढे सरकवला. त्याने पाव मोडला, सुपात बुडवून तोंडात घातला.

"गरम आहे," तो म्हणाला, आणि उरलेला पाव ताटाच्या कडेला ठेवून सूप निवायची वाट बघत थांबला.