पंखा बंद केला तेव्हा

आमच्या धाराशिवच्या घरात पंखा आला तो आईच्या दम्यासाठी. बाबा कचेरीत कारकून होते. बदली होऊन चाललेल्या एका साहेबांकडून त्यांनी तो जुनाच घेतला आणि मधल्या खोलीत, आईच्या पलंगाच्या बरोबर वर टांगला. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं पंखा नव्हता. बायका बघायला यायच्या आणि त्याच्याखाली मान आखडून बसायच्या.

तो फार घरघरायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "वैनी, त्याला तेल पाजा की जरा. पिठाच्या गिरणीत बसल्यावानी वाटतंय."

"असू दे," आई म्हणायची. "मला आता त्या आवाजाशिवाय झोप येत नाही."

त्या वर्षी मी सोलापूरची इंग्रजी शाळा संपवून घरी आले होते. इतकी वर्षं मामांकडं काढल्यामुळं स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखी वावरत होते. काय बोलायचं ते मनात जुळवेपर्यंत समोरचं माणूस उठून गेलेलं असायचं. आईपाशी मात्र बोलावं लागत नसे. मी पायथ्याशी बसायचे. ती पंख्याकडं बघत पडायची आणि मी तिच्याकडं.

डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं की छातीतून आवाज यायला लागला तर एक दिवसही थांबू नका, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात हलवा. आईनंही ते ऐकलं होतं. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि तिला घट सोडून कुठंही जायचं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून घरचे घट तिनंच बसवले होते. "दसरा होऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं," एवढंच ती म्हणायची. बाबा कचेरीतून आले की दारातूनच विचारायचे, "कसं आहे?" पंख्याखालून उत्तर यायचं, "बरं आहे." लाईट गेली की ती लगेच उठून अंगणात जायची. बाहेर वारं आहे म्हणायची.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर आढ्यापासून साफ करतात. गोधड्या, डबे, देवाची भांडी, सगळं काकूंनी आणि मी धुऊन काढलं. पंखा तेवढा राहिला. एरवी तो आईच पुसायची. पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवायचा, दोन्ही हातांनी दाबत ओढून घ्यायचा. धूळ अभ्र्यातच राहायची, अंथरुणावर कणही पडायचा नाही. पण उन्हाळ्यापासून पंखा थांबवलाच नव्हता आणि पात्यांच्या कडांना काळी किनार धरली होती.

अमावास्येला सकाळी ती म्हणाली, "मी अंगणात बसते, तेवढ्यात पुसून घ्या." ती उठायला गेली आणि पलंगाच्या कडेलाच बसून राहिली. पाय खाली टेकले, पण उठवेना.

"राहू दे," बाबा म्हणाले. "दसऱ्यानंतर पुसू."

"जळमटांखाली देवी बसवायची? पुसा तुम्ही."

ती ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली. बाबा स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. बटण बंद केल्यावर पाती हळूहळू थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. दोन पाती पुसून झाली. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, कचेरीतल्या फायलींची धूळ बी अशीच काढता का?"

"ती सरकारी धूळ आहे," बाबा म्हणाले, "तिला हात लावायचा नसतो."

काकू खळखळून हसल्या. आईलाही हसू आलं, आणि हसता हसता तिनं धरून ठेवलेला श्वास सुटला. ओलं लाकूड करवतीनं चिरावं तसा आवाज तिच्या छातीतून येत होता. तिनं तोंडावर हात धरला, तरी तो येतच राहिला.

बाबांचे हात तिसऱ्या पात्यावर थांबले. "कधीपासून?"

"एक पातं राहिलंय," आई म्हणाली.

"मी काय विचारतोय?"

"आधी पंखा लावा हो."

मी बटणाकडं हात नेला. "थांब," बाबा म्हणाले. ते खाली उतरले, तिच्याजवळ उभे राहून ऐकत राहिले. मग पायात चपला सरकवून जीप बघायला गेले.

जीपमध्ये बसताना आईनं मला सांगितलं, "घट तू बसव. काळी माती काकू आणतील. दिवा विझू देऊ नको." मी फक्त हो म्हटलं. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं, पण ते जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घट बसवला. दसऱ्याच्या आधीच सोलापूरहून निरोप आला. आई गेली होती. सुतकातल्या हातांनी आम्हाला देवाला शिवता येईना, म्हणून घट काकूंनीच उचलून नेला. गहू जेमतेम बोटभर उगवले होते.

त्यानंतर मधल्या खोलीत, पंख्याखाली मी झोपायला लागले. मला साधी सर्दी झाली तरी बाबा उठून तिथं यायचे. काही न विचारता पंखा बंद करायचे आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत तिथंच उभे राहायचे. मी डोळे मिटून, जमेल तितका हलका श्वास घ्यायचे. मग ते पंखा लावून परत जायचे.