दसऱ्याला पुजलेली डीव्हीडी

घरात प्रोजेक्टर घ्यायचा, हे माझ्या नवऱ्याचं स्वप्न. कोलशेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत मोकळी आहे. तिच्यावर क्रिकेट बघायचं म्हणून त्याने वर्षभर तिथे कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं. होम थिएटर म्हणजे तोवर आमच्याकडे एवढंच होतं: सोफा दोन फूट मागे आणि भिंतीला खिळा नाही.

तेवढ्यात आई गावाहून आठ दिवसांसाठी आली. शेळी शेजारणीकडे ठेवून आली होती, त्यामुळे आठाचे नऊ दिवस होणार नव्हते. पिशवीतून तिने खणात गुंडाळलेली एक चपटी वस्तू काढली.

"मोठा पडदा घेताय म्हणे. मग पहिलं हे लावा."

ती माझ्या पदवीदान समारंभाची डीव्हीडी होती.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आई तेव्हा शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. त्या दिवशी बदली बाई मिळाली नाही, म्हणून ती समारंभाला आली नाही. फोटोग्राफरने दिलेली डीव्हीडी मी घरी नेली, पण गावच्या घरात ती लावायला काहीच नव्हतं. मग नोकरी, लग्न, ठाणं. मी विसरले. आई विसरली नाही. दर दसऱ्याला माझ्या जुन्या वह्यापुस्तकांबरोबर ती डीव्हीडीही पाटावर मांडायची आणि तिला हळदकुंकू लावायची. चकचकीत बाजू जास्त देखणी, म्हणून त्याच बाजूला. पुढच्या वर्षी जुनं कुंकू पदराने घासून काढायचं आणि नवं लावायचं.

"आई, ही बाजू मशीन वाचतं गं."

"मग? पुस्तकंही वाचायचीच असतात. त्यांना लावतोच ना आपण?"

माझी बी.एस्सी. बाजूला ठेवून मी फडकं शोधायला उठले.

मऊ ओल्या फडक्याने पुसल्यावर हळद गेली. कुंकवाचे दोन डाग आणि पदराचे ओरखडे मात्र राहिले. मी ती घेऊन ठाण्यातल्या एका दुकानात गेले. दुकानदाराकडे एकच नवा, पातळसा डीव्हीडी प्लेअर शिल्लक होता. डीव्हीडी आत गेली, गरगरली आणि बाहेर आली. त्याने ती उजेडात धरली.

"मॅडम, लोणचं सांडलंय का हिच्यावर?"

"पूजा झालीय."

"कशाची?"

"हिचीच."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डीव्हीडी दोन्ही हातांनी परत दिली. दुसऱ्या दुकानात सांगितलं, पेनड्राइव्हवर करून आणा. पण पेनड्राइव्हवर करायलाही आधी कुठल्यातरी मशीनने ती वाचायला हवी होती. आईचे पाच दिवस संपले होते.

नवरा म्हणाला, "कल्याणला एक म्हातारे गृहस्थ आहेत. आमचा टेपरेकॉर्डर त्यांच्याकडेच दुरुस्तीला जायचा. असतील तर बघू."

ते होते. बाजारातल्या गल्लीत, मिक्सरच्या भांड्यांच्या मागे बसलेले. त्यांनी फळीवरून एक जाडजूड जुना प्लेअर खाली घेतला आणि धूळ फुंकली. डीव्हीडी घातल्यावर प्लेअर दोनदा खाकरला आणि छोट्या टीव्हीवर सनई वाजायला लागली. मी टेबलावर हात टेकून उभी राहिले.

"नवे प्लेअर फार शिस्तीचे," ते म्हणाले. "हा चुका पोटात घालतो. पण मधे मोठा डाग आहे. तिथे काय होईल, सांगता येत नाही."

पुढचं मी तिथे बघितलं नाही. आईच्या आधी नको वाटलं. तोच प्लेअर विकत घेऊन आम्ही घरी आलो.

आता प्रोजेक्टर. नवऱ्याने महिनाभर खपून निवडलेला देखणा, तळहाताएवढा प्रोजेक्टर बाद झाला, कारण जुन्या प्लेअरच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना लावायला त्याला जागाच नव्हती. घोडबंदर रोडवरच्या शोरूममधला मुलगा म्हणाला, "हा घ्या, याला पिना चालतात. फक्त खोलीत पूर्ण अंधार लागेल."

"तिन्हीसांजेला?" आई मागून म्हणाली. "दिवेलागणीला घर काळोखात ठेवायचं?"

म्हणून पिनावाल्यांतलाच त्याहून जास्त उजेडाचा घ्यावा लागला. आकाराने तो डालड्याच्या डब्यासारखा होता.

"म्हणजे निवड आपण करतच नाही आहोत," नवरा गाडीत म्हणाला. "कुंकू आणि सासूबाई करतायत."

"बरं करतायत," आई म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी देवापाशी निरांजन तेवत ठेवून आम्ही ट्यूबलाइट घालवली. आई सोफ्याच्या अगदी कडेला पदर सावरून बसली, तिलाच स्टेजवर बोलावणार असल्यासारखी. भिंतभर मुली एकेक करून पदवी घेऊन जात होत्या. "ही केवढी बारीक. जेवते की नाही?" "हिची आई बघ, रडतेय."

मग काळ्या गाऊनमध्ये मी आले. पायऱ्या चढले. वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि चित्र थांबलं.

नवरा प्लेअरला थापटी मारायला उठला.

"हात लावू नका, जावईबापू." आई भिंतीजवळ गेली. तिची सावली माझ्यावर पडली, तशी ती बाजूला झाली आणि खालून वरपर्यंत मला बघत राहिली. "थांबलं ते बरं झालं. नीट दिसतेस. ही चप्पल तुझी नाही."

"मैत्रिणीची होती. दोन बोटं मोठी."

"म्हणून हळू चढलीस. मला वाटलं, घाबरलीस."

ती परत येऊन बसली. नवऱ्याने चित्र पुढे ढकललं, तर थेट पुढची मुलगी पदवी घेऊन हसत उतरत होती. आणखी दोनदा करून पाहिलं. माझी पदवी नेमकी डागाखाली गेली होती.

"म्हणजे तुला दिलीच नाही त्यांनी?"

"दिली गं. कपाटात आहे."

"मग आण की."

मी फाइल आणली. तिने हात पदराला पुसून पदवी घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि भिंतीपुढे प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन उभी राहिली. नवऱ्याने घसा साफ करून समारंभातल्यासारखं माझं माहेरचं नाव पुकारलं. मी अनवाणी पुढे गेले. आईने पदवी माझ्या हातात ठेवली. मी वाकून नमस्कार केला.

"जरा कुंकवाचा करंडा आण," ती म्हणाली.

मी आणला. पण पदवी पाठीमागे धरली आणि कपाळ पुढे केलं.