अंग नसलेला आवाज

रेडिओमामांच्या हातात जे येईल ते बोलू लागे. एकदा जेवताना सांबारातला डाव वर आला आणि किरट्या आवाजात माझ्या बायकोला म्हणाला, "काय हो सातारकरीण, आज वाढणार की उपास?" मामांचे ओठ हललेच नव्हते. ती केवढ्यानं दचकली!

वेलचेरीत त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. मी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात. मामा तंजावरकडचे मराठी. नोकरीभर रेडिओवर तमिळ निवेदक, आता एकटे. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि हेल तमिळ. म्हणायचे, "पस्तीस वर्षं लोकांनी माझा आवाज ऐकला, तोंड कोणी बघितलं? अंग नसलेला आवाज म्हणजे भूतच की हो."

बाहुल्यांचं वेड मात्र त्याहून जुनं. लहानपणी गावच्या देवळापुढे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आला होता. पडद्यावर रावण तमिळमध्ये गरजत होता, आणि पडद्यामागं खेळवाला बायकोला मराठीत सांगत होता, "अगं, दिवा सरकव." हे सांगताना मामा दर वेळी तितकेच हरखून जायचे. ती माणसंही कधीकाळी आपल्याच मुलखातून आलेली. पुढे रेडिओत लागल्यावर त्यांनी असाच एक खेळवाला शोधून त्याचा खेळ ध्वनिमुद्रित केला.

ती कॅसेट ते दुपारी मागच्या खोलीत लावत. खिडक्या बंद, मध्ये धोतराचा पडदा, मागं दिवा. स्वतः कापून रंगवलेल्या बाहुल्या त्या आवाजावर नाचवत. टेपवरचा तो एकटा माणूस राम व्हायचा, सीताही व्हायचा. मग खोकल्याची एक उबळ यायची, आणि मामा तिथंच टेप बंद करायचे. "पुढं खराब झालीय," म्हणायचे. पडद्यावर सीता हात पसरून तशीच उभी राहायची. मला त्या खोलीत फार वेळ बसवत नसे.

एकदा टी. नगरला साडी घेताना आम्ही दोघं मराठीत घासाघीस करत होतो. दुकानातली बाई चटकन म्हणाली, "ताई, हिचा रंग जातो. घेऊ नका." मराठी कुठून आली, विचारलं, तर म्हणाली, "आमची घरची बोली. बाबा बाहुल्या नाचवायचे." नाव सेल्वी. मी मामांना तिच्या बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. "तिला आण," एवढंच म्हणाले.

रविवारी ती आली. मामांनी कॅसेट लावली. खोकला आला. मामांचा हात बटणाकडे गेला, पण त्यांनी तो मागं घेतला. टेपवर खोकला थांबला आणि तरण्या मामांचा आवाज आला, "पुन्हा एकदा म्हणा. स्वच्छ पाहिजे."

"बाबाला ताप होता त्या दिवशी," सेल्वी म्हणाली.

"ठाऊक होतं मला. तीनदा म्हणवून घेतलं. पुढच्या महिन्यात गेलो, तर तो नव्हता. बाहुल्याही तुम्ही रीतीप्रमाणे त्याच्यामागं नदीत सोडलेल्या."

ती रागावेल असं मला वाटलं. तिनं विचारलं, "रेडिओवर कधी लागलं? बाबानं गावभर सांगितलेलं. तो गेल्यावरही आई रोज लावून बसायची."

"लागलं नाही, अम्मा. कार्यक्रमच रद्द झाला. तुम्हाला कळवायला हवं होतं. माझा धीर झाला नाही."

मामा उठले, कॅसेट मागं फिरवली, ताठ बसले, आणि मी कधी न ऐकलेल्या भरदार आवाजात तमिळमध्ये निवेदन केलं: खेळाचं नाव, कलावंताचं पूर्ण नाव, त्याच्या गावाचं नाव. बाहुलीला त्यांनी हात लावला नाही. सेल्वीनं पदर डोक्यावरून घेतला आणि शेवटपर्यंत ऐकलं. जाताना ती मामांच्या पाया पडली. मामा तोंड फिरवून उभे होते.

त्यानंतर त्यांनी तो पडदा लावला नाही. पावसाळ्याच्या आधीच ते गेले.

तेराव्याला सेल्वी आली. कॅसेट मी तिच्या हातात ठेवली. ती पिशवीत घालत तिनं विचारलं, "आणि मामांचा आवाज? यात एवढंसंच आहे. आणखी कोणी भरून ठेवलाय का?"

मी फोन काढला. बायकोनं तिचा पाहिला. फोटो पुष्कळ होते. मामांचे, बाहुल्यांचे, पडद्याचे. आवाज कुठंच नव्हता.