डाव्या बाजूचा पडदा

शनिवार, ९ नोव्हेंबर. सकाळपासून गार वारा. वरच्या बिऱ्हाडाने पलंग सरकवला, त्याने आपल्या छताचा पोपडा पडला. सूनबाईने दवाखान्याचे हिरवे पडदे पोचते केले. टिटवी दुपारी मामाबरोबर रॉकच्या कार्यक्रमाला गेली. सूनबाई पाचनंतर धावतपळत तिकडे गेली. सगळे ठीक.

सासूबाईंच्या वहीतली त्या दिवसाची नोंद जवळपास एवढीच. सासूबाई कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना नखे वेळेवर कापायची आणि थोडक्यात लिहायची सवय लावली, ती आजतागायत सुटलेली नाही. पण ‘सगळे ठीक’ हे दोन शब्द त्या घरात सहजासहजी आले नव्हते. त्यांच्यासाठी सूनबाईला आधी महिनाभर भांडावे लागले आणि मग एका संध्याकाळी दहा वर्षांनी म्हातारे व्हावे लागले.

सूनबाईला सगळी गल्ली पडदेवाली म्हणते. पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून तिचे मशीन, मागे भिंतीला टेकून उभे कापडाचे तागे, आणि तिच्या गळ्यात दिवसभर लोंबणारी टेप. गिऱ्हाईक खिडकीचे माप चिठ्ठीवर लिहून आणते. पडदेवाली चिठ्ठी ठेवून घेते आणि माप घ्यायला स्वतः जाते. “माणूस स्वतःच्या खिडकीबद्दल कधी खरं बोलत नाही,” असे तिचे म्हणणे. तिला गर्व म्हणाल तर एकाच गोष्टीचा, तिने शिवलेला पडदा आजवर उसवला नाही. विटला असेल, आटला असेल, एका घरी तर मांजरीने तो खाली ओढून त्यावर पिल्ले घातली, पण उसवला नाही. कड दुहेरी आणि टाका बारीक, त्यात तडजोड नाही.

टिटवी तिची एकुलती एक मुलगी, वय वर्षे बारा. जन्मली तेव्हा असा काही टाहो फोडला की मामाने पाळण्याआधीच नाव ठेवून टाकले. सहा वर्षांची असताना तिचा डावा कान फुटला आणि पडद्याला भोक पडले. मग वर्षभर थेंब, कापूस, अंघोळीला बोळा, पोहायला बंदी. शाळेत बाईंनी हाक मारली की ही भलत्याच भिंतीकडे बघायची. हळूहळू भोक आपले आपण भरून आले. मुलीच्या कानाचे भरले, आईच्या मनातले तसेच राहिले. एरवी कामाच्या गडबडीत असली तरी पडदेवाली अधूनमधून मुलीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राही आणि अगदी हलक्या आवाजात विचारी, “बिस्कीट हवं?”

“आई, ऐकू येतंय,” टिटवी पुस्तकातून मान वर न काढता म्हणे. “आणि बिस्कीट पण हवंय.”

पडदेवालीचा धाकटा भाऊ, म्हणजे टिटवीचा मामा, स्टेजवर दिवे टांगायचे काम करतो. ऑक्टोबरात तो एक बातमी आणि एक ऑर्डर घेऊन आला. टिटवी ज्या बँडची गाणी न्हाणीघरात, जिन्यात, गृहपाठ करताना म्हणायची तोच बँड येणार होता. कार्यक्रम मोकळ्या मैदानात आणि दुपारचा, म्हणजे मुलांनाही येता यावे. आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना काळ्या कापडाचे दोन उंच पडदे हवे होते, ते कोण शिवणार हे विचारायची गरजच नव्हती.

ऑर्डर तिने लगेच घेतली. बातमीचे मात्र भांडण झाले.

“सोळाची झालीस की जा,” पडदेवाली म्हणाली.

“सोळाच का?”

“मी म्हणते म्हणून.”

“मागच्या वर्षी चौदा म्हणाली होतीस.”

“मागच्या वर्षी तू उलट उत्तरं देत नव्हतीस. अगं, तिथं आवाज केवढा मोठा असतो! आणि तू लहान आहेस.”

“मग मी मोठी झाले की आवाज लहान होतो का?”

खिडकीपाशी बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. “प्रश्न बिनतोड आहे.”

“आई, तुम्ही तरी तिला भरीस घालू नका!”

नवऱ्याला विचारले तर तो बस डेपोत लावून आलेला, पाय बादलीत घालून बसलेला. “तू म्हणशील तसं,” तो म्हणाला. लग्नापासून त्याने हे एकच वाक्य पाठ केले होते आणि त्यावर त्याचा संसार सुरळीत चालला होता. मामा मात्र तेवढ्यावर थांबणारा नव्हता.

“तिचं जायचं वय झालंय, ताई. तुझं पाठवायचं वय व्हायचंय अजून.”

“तू गप्प बस. तुला स्वतःला दहा हाका मारल्याशिवाय ऐकू येत नाही, ते कशानं झालं?”

“लग्नानं,” मामा म्हणाला, आणि सासूबाई वहीच्या आड हसल्या.

शेवटी पडदेवाली मुलीला घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. खरे तर ‘नाही’ हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून यावा एवढ्यासाठीच गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान बघितले, यंत्र लावले, बारीक बारीक आवाज ऐकवले. “पडदा मस्त आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या दवाखान्यातल्या पडद्यांपेक्षा कितीतरी चांगला. ते तुमच्याकडूनच शिवून घ्यायला हवेत.” मग त्यांनी सांगितले ते असे : स्पीकरपासून लांब बसायचे, कानात मऊ बोळे घालायचे, त्यावर कान झाकणाऱ्या जाड वाट्या चढवायच्या, आणि मधूनमधून बाहेर येऊन कानाला विसावा द्यायचा.

“ते ठीक आहे हो,” पडदेवाली म्हणाली, “पण वय? कितव्या वर्षी पाठवावं?”

“वयाचं काय घेऊन बसलात! आवाज टोचायला लागला की मैत्रिणी काय म्हणतील हे न बघता उठून बाहेर येईल का ती? येत असेल तर झाली मोठी. माझ्याकडे चाळिशीची माणसं येतात, त्यांना अजून जमत नाही.”

परत येताना पडदेवालीच्या डोक्यात हेच घोळत होते. टिटवी आवडत्या गोष्टीवरून उठणार? जिला जेवायला हाका मारता मारता आमटी गार होते, ती भर गाण्यातून उठून येणार? हे घरात बसून कळायला काही मार्ग नव्हता, आणि न कळता पाठवायचे म्हणजे त्या एकदा फुटून भरून आलेल्या कानाशी जुगार. तीन रात्री तिने ते काळे कापड शिवता शिवता विचार केला आणि चौथ्या दिवशी म्हणाली, “जा. पण मामाच्या नजरेसमोर.” टिटवीने तिला अशी मिठी मारली की तोंडातल्या टाचण्या सांडल्या.

तर त्या शनिवारी मामा-भाची गेली, टिटवीच्या वर्गातल्या मैत्रिणी तिथेच भेटणार होत्या. पडदेवाली हिरवे पडदे देऊन आली, मशीनवर बसली आणि एकाच झालरीची शिवण दोनदा उसवली. पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. पलीकडे इतका दणदणाट की मामा दुसऱ्या गावातून ओरडत असल्यासारखा वाटत होता.

“ताई, पडदा फाटला गं!”

“काय?”

“पडदा! डावा! स्पीकरजवळचा!”

पडदेवालीच्या हातातली कात्री खाली पडली. “रक्त? रक्त आलंय का?”

“हो, हो, फक्त! फक्त डावा! उजवा शाबूत आहे!”

“अरे देवा! टिटवी कुठंय?”

“इथंच बसवलीय. टाके घालायचं चाललंय. पण फट मोठी आहे, तू येऊन जा!”

फोन बंद झाला.

आता कुणी म्हणेल, दिवसभर पडदे शिवणाऱ्या बाईला पडदा म्हटल्यावर कापड कसे आठवले नाही? पण आपण शिवलेला पडदा फाटतो, ही गोष्ट त्या बाईच्या डोक्यात शिरणेच शक्य नव्हते. तिच्या लेखी जगात फाटू शकेल असा एकच पडदा होता, आणि तो तिच्या लेकीच्या कानात होता.

“आई, पडदा फाटला तिचा. डावा. टाके घालतायत,” एवढे सांगून ती निघालीसुद्धा.

“अगं पण मैदानात? कानाला टाके?” सासूबाई उठेपर्यंत ती कोपऱ्यावर टॅक्सीत बसली होती. पायात एक चप्पल स्वतःची आणि एक नवऱ्याची, गळ्यात टेप तशीच.

टॅक्सीत तिने स्वतःला काय काय म्हटले नाही! सोळा म्हणाले होते ना. मग सोळाच धरून ठेवायचे होते. चौदा काय, बारा काय, मिठी मारली की विरघळले मेले. आता परत तो कापूस, ते थेंब, ते भलत्या भिंतीकडे बघणे. आणि या वेळी आपोआप भरून आले नाही तर?

मैदानाच्या फाटकावर दरवानाने हात आडवा केला. “तिकीट?”

“अहो, माझ्या मुलीचा… पडदा फाटलाय!”

दरवानाने तिच्या गळ्यातली टेप बघितली आणि त्याचा चेहरा खुलला. “हां, पडदेवाल्या बाई! जा जा, मागच्या बाजूला तुमचीच वाट बघतायत सगळे.”

सगळे वाट बघतायत म्हटल्यावर ती धावतच सुटली. गाणी थांबली होती. स्टेजच्या मागे जाड वायरींची भेंडोळी, लोखंडी पेट्या, पाण्याच्या बाटल्या, आणि एका पेटीवर पाठमोरी बसलेली टिटवी, मान खाली घातलेली.

“टिटवी!”

मुलगी हलली नाही.

“टिटवी! अगं ए टिटवी!”

मुलीने मान वर केली नाही. पडदेवालीला वाटले, संपले. पुढचा मागचा विचार न करता तिने जाऊन मुलीचा खांदा धरला. टिटवी दचकून वळली आणि तिने कानांवरच्या जाड वाट्या मानेवर ओढल्या.

“ओरडतेस काय? पण बरं झालं आलीस. हा दोरा सारखा तुटतोय.”

तिच्या मांडीवर काळ्या कापडाचा ढीग होता आणि हातात सुई.

“तुझा कान?”

“कानाला काय झालं?”

“पडदा… मामा म्हणाला पडदा फाटला, डावा…”

“हा काय.” टिटवीने कापड उचलून दाखवले. हातभर लांब चीर. “डाव्या बाजूचा.”

पडदेवाली तिथेच वायरींच्या भेंडोळ्यावर बसली. आधी तिला हसू आले, मग रडू, मग दोन्ही एकदम, आणि त्या गडबडीत तिने मुलीच्या डाव्या कानाचा, वाटीचा आणि केसांचा मिळून एक पापा घेतला. मामा दिव्यांच्या शिडीवरून उतरत होता.

“रक्त आलंय का विचारलं तर हो हो काय म्हणालास रे?”

“तू ‘फक्त’ म्हणालीस ना? फक्त डावाच का, म्हणून!”

“आणि माझा पडदा फाटला कसा?” आता तिला कापडाकडे बघायची सवड झाली होती.

“दिव्याच्या स्टँडचा हूक अडकला. मी जरा ओढलं.”

“म्हणजे फाटला नाही, तू फाडलास! नीट बोलायला शिक. शिवण बघ, शिवणीला धक्का नाही. कापड गेलंय.”

“हो माझे आई, कापड गेलंय. शिव आता, पुढची गाणी खोळंबलीत.”

तिने दुसऱ्या सुईत दोरा ओवला. “हे टाके आहेत की पोत्याची शिवण?” ती मुलीला म्हणाली. “तू त्या टोकाकडून ये, मी या टोकाकडून येते.” चिरेच्या मध्यावर पोचता पोचता तिच्या लक्षात आले. “पण तू इथं मागं कशी? गाणी सोडून?”

“तिसऱ्या गाण्याला आवाज डोक्यात घुसायला लागला,” टिटवी दोरा दाताने तोडत म्हणाली. “दुखत नव्हतं, पण दुखेल असं वाटलं. म्हणून आले उठून. तेवढ्यात मामानं पराक्रम केला.”

“मैत्रिणी काही म्हणाल्या?”

“हसल्या. हसू देत.”

पडदेवालीने चीर पुरी सांधली. तिने शेवटची गाठ दोनदा मारली, खरे तर एकदा पुरली असती. पडदा वर चढला, मैदानात ओरडा झाला. टिटवी उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर करत होती.

“जाऊ परत?”

“जा.”

“पण सोळाची नाही झाले मी.”

“जा म्हटलं ना! आणि आवाज टोचला की…”

“येते उठून. माहितीये!” ती पळालीसुद्धा.

पडदेवाली कानात कापूस घालून मागेच थांबली. गाण्यातला एक शब्द तिला कळेना. पण मधे एकदा टिटवी गर्दीतून आपली आपण बाहेर आली, नळावर पाणी प्यायली, कान चोळत थोडी बसली आणि पुन्हा आत गेली. ती येताना दिसली तशी पडदेवाली चटकन पेट्यांच्या मागे लपली. पोरीला वाटायला नको, आई राखण करतेय. तिथे दडून बसल्या बसल्या तिला महिन्याभरात पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

घरी आल्यावर सगळी हकीकत दोनदा सांगावी लागली, एकदा सासूबाईंना आणि एकदा ड्यूटीवरून आलेल्या नवऱ्याला. रक्त आणि फक्तपाशी सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. “पुढच्या कार्यक्रमालाही जाऊ दे तिला, काय म्हणता?” पडदेवालीने नवऱ्याला विचारले. “तू म्हणशील तसं,” तो म्हणाला, आणि या वेळी तिलाही तेच ऐकायचे होते.

सासूबाईंनी जेवणानंतर टेबल पुसले, वही उघडली, दिवसाची नोंद केली आणि ‘सगळे ठीक’च्या खाली आणखी एक ओळ लिहिली : स्वयंपाक झाला नव्हता, सर्वांनी ऑम्लेट-पाव खाल्ले. अंडी संपली.