धावड्याची साल आणि तिसरी सकाळ

तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यात रेवजी जखमांवर धावड्याच्या सालीचा लेप लावायचा. साल वाटायची त्याची बायको फुलवंताबाई. चाळीस वर्षं वाटून वाटून तिचे तळहात तांबूस झाले, पण गावोगाव नाव झालं ते रेवजीचं. बाईच्या कष्टाचं असंच होतं, दुसरं काय.

औषधापेक्षा रेवजीची शिस्त मोठी होती, बापाने घालून दिलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी लेप सोडायचा आणि जखमेचा वास घ्यायचा. घाण वास आला की हात जोडायचे आणि माणसाला धडगावच्या जीपमध्ये बसवायचं. उगाच फुशारकी नाही. म्हणूनच त्याच्या हातून कधी कोणी दगावलं नव्हतं, आणि दवाखान्यातले डॉक्टरही त्याला नावं ठेवत नसत.

मग शहाद्याहून यामिनी मॅडम आल्या, कॉलेजात संशोधन करणाऱ्या. त्यांनी साल नेली, अर्क काढून तपासला आणि सहा महिन्यांनी छापील कागद घेऊन स्वतः घाट चढून आल्या.

"बाबा, तुमच्या सालीने जखमेतले जंतू मरतात. जखम भरायला मदत करतील असे घटकही आहेत तिच्यात. पण हे काचेच्या बशीत पाहिलंय, माणसावर नाही."

रेवजीने पहिलं वाक्य मनात धरलं. बाकीचं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. साठी उलटेपर्यंत ज्याला कुठल्या कचेरीत कोणी बस म्हटलं नाही, त्याचं नाव कागदावर छापून आलं होतं. डोक्यात हवा गेली यात नवल कसलं? मला तर त्याचा रागही धड येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात ज्वारी कापताना फुलवंताबाईच्या तळपायात धसकट घुसलं. रेवजीने लेप बांधला. तिसऱ्या सकाळी सोडला, तेव्हा ती वाकून पाहत म्हणाली, "वास येतोय. जीप सांग."

"जंतू मरतात. कागदावर लिहिलंय," रेवजी म्हणाला.

त्याने आणखी साल वाटली, या वेळी स्वतः, आणि लेप जाड केला. पाचव्या दिवशी पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडला. सातव्या दिवशी ती तापात बरळू लागली, तेव्हा शेजारच्या सुरुपसिंगने कुणाला न विचारता जीप आणली. धडगावहून नंदुरबारला नेईपर्यंत विष अंगभर भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

बातमी कळताच यामिनी मॅडम आल्या. ओट्यावर बसून त्यांना रडू आवरेना. "बशीतलं आहे म्हणून मी सांगितलं होतं, बाबा. पण आणखी नीट सांगायला हवं होतं."

"तू नीटच सांगितलं, मॅडम."

पुढचं त्याने पोटच्या पोरांनाही सांगितलं नव्हतं.

"त्या सकाळी वास मलाही आला होता."