विहिणीचा मान

विद्यार्थिनीच्या लग्नाची पत्रिका हातात पडली की शिंत्रे बाई नवऱ्या मुलाचं नावसुद्धा वाचत नसत. मुलगा काय करतो, शेती किती, हे त्यांना नकोच असायचं. समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मुलीला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "सासू गोरी हाय का सावळी?" मग माझ्याकडे वळून सांगायच्या, "सर, आप्पांना म्हणावं, सावळ्या अंगाला शोभंल अशी एक साडी काढून ठेवा."

आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या शहापुरात आमचे साड्यांचे माग आहेत. मी मात्र मागाला कंटाळून शिकलो आणि निपाणी-संकेश्वरच्या मधल्या एका सरकारी डिग्री कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागलो, रोज बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत. शिंत्रे बाई तिथं समाजशास्त्र शिकवायच्या. कॉलेज दिसायला यथातथाच. दोन मजले, पत्र्याची सायकल शेड, कुंपणापलीकडे ऊस. पण आसपासच्या गावांना तेवढा एकच आधार. मुली सकाळी धारा काढून बसनं येतात आणि दिवेलागणीच्या आत परत जातात. त्या एका अटीवर त्यांचं शिक्षण चालू असतं. हे कॉलेज नसतं तर बारावीनंतर त्यांच्या हातात दप्तर राहिलंच नसतं.

तिसऱ्या वर्षाला आल्या की लग्नं ठरायला लागतात. बाई ती मोडायच्या भानगडीत पडत नसत. "बापाशी भांडलं तर उद्या तो पोरीला कॉलेजलाच पाठवायचा न्हाय," असं त्यांचं म्हणणं. मुलीकडच्या म्हणून त्या लग्नाला जायच्या आणि माहेरची माणसं विहिणीला मान द्यायला लागली की आपणही पुढे व्हायच्या. हळदीकुंकू लावायचं, ओटी भरायची, आप्पांनी निवडलेली साडी विहिणीच्या ओच्यात घालायची आणि सगळ्या पाहुण्यांदेखत हात जोडून म्हणायचं, "पोरगी आता तुमची. शेवटच्या परीक्षेला तेवढी पाठवा. शब्द द्या." भरल्या मांडवात, ओच्यात साडी असताना कोणती बाई नाही म्हणेल?

मी त्यांना चिडवायचो, की तुम्ही समाजशास्त्र शिकवत नाही, करता. त्या हसायच्या. "मान घेतला की माणूस शब्द मोडत न्हाय, सर." आणि खरंच मोडत नसत. परीक्षेच्या दिवसांत आवारातल्या लिंबाखाली सासवा डबे मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या आणि आत सुना पेपर लिहायच्या. ते बघून माझ्यासारख्या खवचट माणसालाही बरं वाटायचं.

रेणुका त्यांची सगळ्यात लाडकी. हुशार होतीच, वर कुणालाही उलटून प्रश्न विचारायची. पुढं बेळगावला जाऊन एम.ए. करायचं, असं ती आम्हाला ऐकवायची. एक दिवस ती स्टाफरूममध्ये आली. मी तिथंच होतो. "मॅडम, घरात लग्नाचं बोलायलेत," एवढंच म्हणाली. बाईंनी मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको गं. परीक्षेचं मी बघते. सासू कशी हाय सांग." रेणुकाला आणखी काही बोलायचं असावं. ती टेबलाची कड धरून जरा वेळ थांबली, मग "बघितली न्हाय अजून," म्हणून निघून गेली. बाईंनी मला कुणालाही शोभेल अशी गडद रंगाची साडी आणायला सांगितली.

सासर कर्नाटकाच्या हद्दीपलीकडे, कागलच्या बाजूला. लग्न झालं, मान झाला, सासूनं शब्दही दिला. परीक्षेचा पहिला दिवस उजाडला आणि रेणुकाची जागा रिकामी राहिली. फोन बंद. दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. बाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिच्या सासरी गेलो.

घर शेतातच होतं. सोप्यात खाटेवर सासरा पडून होता. लग्नानंतर त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. दारात म्हशी. सासूनं आम्हाला बसायला घातलं, पाणी दिलं. बाईंनी काही विचारायच्या आत ती आत गेली आणि आमच्याच मागावरची ती साडी घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती. तिनं बाईंना कुंकू लावलं आणि साडी त्यांच्यापुढं ठेवली.

"शब्द पाळल्यावर नेसायची म्हणून ठिवलती," ती म्हणाली. "आता पाळता येत न्हाय. म्हाताऱ्याला उचलायला दोन माणसं लागत्यात. तुमचा मान तुमी घिऊन जावा, बाई."

तिच्या बोलण्यात जराही उद्धटपणा नव्हता, उलट लाज होती. भांडली असती तर बाई तिला पुरून उरल्या असत्या. परत केलेल्या मानापुढं त्यांचं काही चालेना; त्यांनी साडी उचलून पिशवीत घातली. रेणुका आतल्या दाराशी उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि पाण्याचे रिकामे तांबे उचलून आत गेली.

परतताना हद्दीवरच्या कोगनोळीच्या पुढं आल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "सर, त्या दिवशी ती परीक्षेचं सांगायला आलीच नव्हती. तिला लग्नच नको होतं." मलाही तेव्हाच कळलं.

त्यानंतर बाई बदलल्या. साड्या आणायला सांगणं बंद झालं. लग्न ठरलं म्हणून मुलगी आली की दार लोटून घ्यायच्या आणि विचारायच्या, "तुला करायचं हाय का?" कुणी नाही म्हणालं तर थेट घर गाठायच्या. काही लग्नं पुढं ढकलली गेली. काही बापांनी मात्र मुलींचं कॉलेजच बंद केलं, बाईंना आधीपासून भीती होती अगदी तसं. गावात लोक त्यांना लग्नमोडी बाई म्हणायला लागले. स्टाफरूममध्येही कुजबुज व्हायची आणि ती ऐकून मला संताप यायचा. बाई रोडावल्या. आपलं आताचं बरोबर की आधीचं, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मलाही येत नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाटातून ती साडी काढली आणि मला म्हणाल्या, "चला, एक काम राहिलंय." आम्ही पुन्हा कागलच्या बाजूला गेलो. सासरा वारला होता. सासू शेतात होती. रेणुका कडेवर मूल घेऊन बाहेर आली आणि तिनं आम्हाला सोप्यात बसवलं. अंगानं भरली होती, पण ती उलटून प्रश्न विचारायची सवय उरलेली दिसली नाही.

बाईंनी साडी तिच्या हातात दिली. "ही तुझी."

"आता कसला शब्द पायजे, मॅडम?"

"कसलाच न्हाय. तुला काय पायजे ते सांग. मी आता इच्यारायलेय."

रेणुका साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मूल पदर ओढत होतं. मग ती हळूच म्हणाली, "हे तवा इच्यारायचं होतं, मॅडम."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर फार बरं झालं असतं. तिनं मूल बाईंच्या मांडीवर दिलं, साडी काखेत धरली आणि चहा ठेवायला आत गेली.