मामांची गाठ

दुखऱ्या हातावर पट्टी आवळून शेवटची गाठ मारली, की मामा तिच्यावर अंगठा दाबून म्हणत, "माझी गाठ मीच सोडणार. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

केदारखेड्यात मामा आमचे शेजारी. मोडलेली हाडं बसवत. पैसा घेत नसत, नारळ तेवढा घेत. मी सरकारी दवाखान्यात नर्स. तिथे एक्स-रे होता, प्लॅस्टर होतं आणि पेशंट मात्र मामांच्या ओट्यावर. तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही तर काय?

"मामा, एवढं आवळू नका हो. बोटांना रक्त कसं पोचणार?"

"सैल पट्टीत हाड हलतं, सिस्टरबाई," असं म्हणून मला चहा पाजत. चहा झकास असायचा, त्यामुळे धड भांडताही येत नसे.

एकदा मामीच गोठ्यात घसरल्या. मनगट मोडलं. मामांनी बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली आणि ते आष्टीला भाच्याच्या लग्नाला गेले. संध्याकाळी मी डोकावले, तर मामींची बोटं सुजून निळी पडलेली. मी कात्री काढली. मामींनी हात पदराखाली घेतला. "त्यायची गाठ हाय. ते आल्याबिगर न्हाई."

मी मामांना फोन लावला. "बोटं निळी पडलीत मामा! मी पट्टी कापते."

"जल्दी करू नका. मी सकाळीच येऊन राह्यलो ना. माझी गाठ मीच सोडतो."

मी विनवलं, ओरडले, त्यांच्या दोन्ही मुलांना शिव्या घातल्या. दोघं खाली मान घालून उभे. बापाची गाठ कोण कापणार?

सकाळी मामांनीच ती सोडली. हात गार पडला होता. जालन्याला नेलं, तिथे तो कोपराखालून काढावा लागला.

त्यानंतर मामांनी कुणालाच पट्टी बांधली नाही. आलेल्याला धरून माझ्याकडे आणत. लोक ऐकतात थोडेच! मामा चिडलेत म्हणायचे आणि शेजारच्या गावी दुसऱ्या हाडवैद्याकडे जायचे. अजूनही जातात. मला अजून संताप येतो. मामांचाही येतो.

तरी सकाळी ड्यूटीला निघताना मी त्यांच्या ओट्याशी थबकते. मामी पाठमोऱ्या बसलेल्या असतात. एका हाताने अंबाडा घालता येत नाही, म्हणून मामा घालून देतात. त्या उठता उठता तो सुटतो.

"जरा आवळा की," मामी म्हणतात.

"हौ," म्हणतात मामा, आणि पुन्हा तसाच सैल घालतात.